चहा चार, सन अकराशे साठ

इतिहास संशोधक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. अंधारी खोली, कागदांचा ढिगारा, ढिगाऱ्याच्या मधोमध जाड चष्म्याचा एक गृहस्थ, आणि त्या गृहस्थाला जगाशी काही देणंघेणं नाही. हे चित्र काढणाऱ्यानं संशोधक जवळून पाहिलेला नाही. अंधार, धूळ आणि चष्मा इथपर्यंत ठीक आहे, पण एकटा? छे! एकट्यानं कागद वाचता येतो. पण वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय संशोधकाला जेवण जात नाही, आणि ऐकणाऱ्यानं "हे साफ चूक आहे" असं म्हटल्याशिवाय झोप लागत नाही. गवयाला श्रोता लागतो, पहिलवानाला जोड लागते. संशोधकाला या दोन्ही गोष्टी एकाच माणसात हव्या असतात. म्हणून तो मंडळ काढतो.

आपल्याकडे याचा कित्ता घालून दिला तो राजवाड्यांनी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे म्हणजे एकटेपणाचा मेरुमणी. गावोगाव पायपीट करायची, माळ्यावरची दफ्तरं उतरवायची, नाही मिळाली तर मालकावर रागवायचं, मिळाली तर त्यांच्या स्थितीवर रागवायचं. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पुढं असे बावीस खंड झाले. आता इतकं काम एकट्यानं ओढणाऱ्या माणसाला मंडळाची काय गरज? तरीपण ७ जुलै १९१० रोजी सरदार मेहेंदळे यांना बरोबर घेऊन त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. जमायचं, सापडलेला कागद वाचून दाखवायचा, त्यावर बोलायचं, आणि झालेलं सगळं इतिवृत्तात छापून ठेवायचं, असा शिरस्ता पडला. आणि पुढं काय झालं असेल? काही वर्षांतच मतभेद होऊन राजवाडे मंडळापासून दूर गेले! धुळ्याकडं वळले, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथंच वारले, आणि १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ काढलं. म्हणजे एका माणसाच्या भांडणातून महाराष्ट्राला एकाची दोन मंडळं मिळाली. भांडण इतकं फलदायी असतं हे बायकोला पटवून देण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

ज्यांना रोज भेटून भांडणं शक्य नसतं ते पत्रानं भांडतात. रियासतकार सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या चाकरीत, जदुनाथ सरकार तिकडं पाटण्याला. १९०४ च्या सुमारास या दोघांची ओळख झाली आणि ती अर्धशतक टिकली. पत्रात तारखा, पत्रात हस्तलिखितं, पत्रात प्रकृतीच्या तक्रारी, आणि अधूनमधून इतर विद्वानांबद्दलची खासगी मतं. ही शेवटची बाब सोडून विद्वानांची पत्रं पुरी होत असतील असं मला वाटत नाही. सरदेसायांनी पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग काढले ते १९३० ते १९३४ या काळात. ते काम त्यांच्याकडं येण्यामागं सरकारांची शिफारस होती, आणि पुण्याच्या मंडळींना ते फारसं रुचलं नव्हतं. सरकार १९५८ साली गेले, सरदेसाई १९५९ साली. मला मात्र ही जोडी आठवते ती पंचेचाळीस भागांमुळं नाही. एक बंगाली, एक मराठी, मधे दोन-तीन दिवसांचा रेल्वेप्रवास, आणि पन्नास वर्षं दोघांनाही खात्री, की आपण काही लिहिलं तर पलीकडं ते नीट वाचणारा एक तरी माणूस आहे. यामुळं आठवते.

आता पुण्याहून आणि बडोद्याहून तुम्हाला एकदम किनवटला आणतो. गाडीत बसल्यासारखं वाटेल, कारण आमच्याकडं यायचं म्हणजे तेवढा वेळ लागतोच. मुदखेडहून आदिलाबादकडं जाणारी लाइन त्या वेळी मीटरगेज होती. सागाच्या जंगलातून ती गाडी अशी काही यायची, की उतरून पानं मोजावीत आणि परत चढावं. पलीकडं पैनगंगा, तिच्या पल्याड यवतमाळ जिल्हा म्हणजे वऱ्हाड, खाली तेलंगण. किनवट तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता; भाषावार रचनेत नांदेडला आला. माणसं आली, जंगल आलं, नदी आली. जुनं सरकारी दफ्तर कुठं आदिलाबादला, कुठं हैदराबादला राहून गेलं. त्यामुळं आमच्या गावचा इतिहास आमच्या गावाशिवाय सगळीकडं आहे.

पण विद्वानांना ही जागा अगदीच अनोळखी नव्हती. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा व्हिएन्नाचा एक मानववंशशास्त्रज्ञ १९३९ साली भारतात होता. युद्ध पेटलं, आणि खिशातल्या जर्मन पासपोर्टामुळं तो इंग्रजांचा शत्रू ठरला. त्याला निजामाच्या राज्याबाहेर जायची बंदी झाली. तर या पठ्ठ्यानं त्या बंदीत आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास केला आणि १९४८ साली 'राज गोंड' हा ग्रंथ काढला. कैद व्हावी तर अशी! त्याच मुलखात हैदराबाद सरकारचे अधिकारी म्हणून सेतुमाधवराव पगडी गोंडांमध्ये वावरले, गोंडी शिकले, गोंडांवर लिहिलं. पुढं फारसी साधनांचा मोठा साठा त्यांनी मराठीत आणला. ते मूळचे निलंग्याचे, आताच्या लातूर जिल्ह्यातले, जन्म १९१०. म्हणजे पुण्याचं मंडळ आणि पगडी एकाच वयाचे. आणि नांदेडला तर नरहर कुरुंदकरच होते. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना लिहिणारे. ते १९८२ साली गेले, पण त्यांच्या गप्पांच्या आठवणी जुन्या नांदेडकरांच्या बैठकीत अजून निघतात. तेव्हा मराठवाड्यात विद्या नव्हती असं कुणी म्हणू नये. विद्या होती, फक्त नांदेडहून किनवटला येईपर्यंत गाडी लेट होत होती.

आमचं मंडळ १९८० च्या आसपास जमलं. जमलं म्हणतो, स्थापन झालं म्हणत नाही, कारण नाव काय ठेवायचं यावरच एकमत झालं नाही. मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. दुसरे उर्दू शाळेतले मास्टरसाब. फारसी, अरबी दोन्ही जाणणारे, पांढरी टोपी, पानाचा डबा आणि अतिशय सावकाश बोलणं. तिसरे राउंडसाहेब, म्हणजे वनखात्यातून राउंड ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना काहीही सांगितलं तरी ते मनातल्या मनात घनफुटात मांडत. चौथे एक तरुण गोंड शिक्षक, त्यांना आम्ही धाकटे गुरुजी म्हणत असू. जागा स्टेशनासमोरचं हॉटेल, वेळ संध्याकाळची. पुण्याच्या मंडळाची इतिवृत्तं छापलेली आहेत. आमच्या मंडळाचं एकमेव समकालीन साधन म्हणजे हॉटेलवाल्याची उधारीची वही. 'चहा ४' अशी नोंद असली की सभा भरली होती. 'चहा ४, भजे २' असेल तर पगार झाला होता.

गप्पा काय चालत? इतिहास दोन आणे, नोकरी चौदा आणे. जनगणनेचं काम मास्तरांनाच का, पोषाखाचा भत्ता कुठं अडकला, तपासणीला आलेले साहेब काय म्हणाले. इतिहास संशोधकांच्या गप्पा म्हणजे काहीतरी उदात्त असतं असं बाहेरच्यांना वाटतं. १९३५ साली मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं पुण्यात देशभरचे इतिहासकार जमले. दत्तो वामन पोतदारांनी तो घाट घातला होता, सर शफाअत अहमद खान अध्यक्ष होते, आणि त्यातूनच पुढं इंडियन हिस्टरी काँग्रेस उभी राहिली. तिथं व्यासपीठावर काय झालं ते छापील आहे. पण जेवणाच्या पंक्तीत पगार, बदल्या आणि विद्यार्थ्यांचं घसरलेलं वळण याखेरीज काही बोलणं झालं असेल यावर माझा विश्वास नाही.

इतिहासाचा मुद्दा निघालाच तर तो धाकटे गुरुजी असा संपवत, की पुढं बोलायला जागा राहू नये. एकदा मी मोडी कागदांना वाळवी लागते म्हणून हळहळत होतो. ते म्हणाले, "सर, आमच्या इतिहासाला वाळवी लागत नाही. परधान किंगरी वाजवतो आन् पिढ्यान्‌पिढ्या गातो. फक्त ऐकणारं कुणी नसलं की तो गात नाही. मग त्याच्यासंगं सगळंच जातं."

राउंडसाहेब म्हणाले, "वाळवी बरी म्हणायची मग. थोडं तरी ठेवते."

तर १९८१ च्या पावसाळ्यात आमच्या मंडळाला कागद सापडला. सापडला म्हणजे एका जुन्या वाड्याचं माळवद गळायला लागलं, मालकांनी सामान हलवलं, आणि त्यात एक रुमाल निघाला. मालक म्हणाले, "सर, तुम्ही हे वाचता म्हणं. न्या. नाहीतर चुलीत जायलंय." त्या रुमालातला बराचसा मजकूर वाळवीनं आधीच वाचून संपवला होता. एक कागद मात्र बऱ्यापैकी शाबूत होता. मोडीत होता, गावानं स्वारीच्या घोड्यांसाठी कडबा दिला, चार बैल दिले, अशी यादी. आणि वर 'सन ११६०'. सनाच्या मागचा-पुढचा शब्द नेमका खाल्लेला. सबंध कागदात वाळवीला तेवढाच एक शब्द गोड लागला होता!

आता ज्यांना वाटतं की सन म्हणजे सन, त्यांच्यासाठी थोडा तास घेतो. जुन्या कागदात नुसता ११६० आकडा आला तर तो तीन ठिकाणी जाऊ शकतो. हिजरी धरला तर इसवी सन १७४७. पण हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं ते हंगामाच्या पुढं पळतं. सारा वसूल करायचा तर पीक हाती यायला हवं. म्हणून दख्खनेत हिजरीचाच आकडा घेऊन तो सौर वर्षाला बांधून टाकायची युक्ती निघाली. ही युक्ती दोनदा झाली. एकदा १३४४ मध्ये, त्याचा झाला शुहूर सन. पुन्हा शाहजहानच्या अमलात १६३६ च्या सुमारास, त्याचा झाला दख्खनी फसली. दोन्ही वर्षं मृगाला सुरू व्हायची. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१. म्हणजे ११६० हा फसली असेल तर वर्ष १७५०-५१. नासिरजंग जिंजीकडं मारला गेला तो काळ. आणि शुहूर असेल तर १७५९-६०!

या १७५९-६० वर उद्गारचिन्ह का, ते सांगतो. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरला हरवलं. आपलं उदगीर! माझ्या डोळ्यांपुढं लगेच भाऊसाहेबांची फौज, फौजेतले घोडे, आणि घोड्यांच्या तोंडात आमच्या तालुक्यातला कडबा. निबंधाचं नावसुद्धा ठरून गेलं. मी हॉटेलात कागदाचं वाचन केलं आणि जाहीर केलं, "शुहूर सन. उदगीरची मोहीम."

मास्टरसाबांनी पान लावून होईपर्यंत काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "मुलूख किसका? निजाम का. सारा किसमें? फसली में. मेरी पैदाइश बी दाखले में तेराशे पस्तीस फसली लिखी है सर. ये फसलीच है."

मी म्हणालो, अंमल दुहेरी होता, मराठ्यांचे चौथाईचे कमाविसदार इकडं फिरत होते, त्यांचे कागद शुहूर सनाचेच असतात. ते म्हणाले, "कमाविसदार का नाम किधर है इसमें?" मी म्हणालो, ते वाळवीनं खाल्लं. ते म्हणाले, "वाळवी को सब मालूम है, आपकू कुच नै." आवाज चढले. शेवटी त्यांनी टोपी सारखी केली आणि एक वाक्य बोलले. ते मला आजही लागतं.

"सर, तुमकू लढाई होना. मेरेकू तारीख होना."

झालं. राजवाड्यांची परंपरा आम्ही किनवटला आणली. बोलणं बंद. मी पाचला हॉटेलात जायचो, मास्टरसाब सहाला यायचे. राउंडसाहेब आणि धाकटे गुरुजी बिचारे दोन्ही सभांना हजर. त्या तीन महिन्यांच्या वहीत रोज दोन नोंदी आहेत: 'चहा ३', 'चहा ३'. भांडणानं विद्येचं नुकसान झालं असेल, हॉटेलवाल्याचं झालं नाही. राउंडसाहेबांना मात्र त्या काळात पित्त झालं, आणि ते त्याची तारीख अजिबात वाद न घालता सांगत.

शेवटी मी पुण्याच्या एका जाणत्या संशोधकांना सविस्तर पत्र लिहिलं. चार पानं. त्यात उदगीर तीन पानं. उत्तराचं कार्ड आलं, त्यावर दीड ओळ: कागदाच्या मागच्या बाजूला शिक्का आहे का, असल्यास वाचून कळवावा.

आता कबुली देतो. मागच्या बाजूला एक काळा गोल डाग होता. मी तो दिव्याच्या काजळीचा डाग समजलो होतो. आणि कागद टिकावा म्हणून गव्हाच्या पिठाची खळ करून तो कागद मी हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर चिकटवून टाकला होता. डाग आत, खळ वर. वाळवीला जेवणाचं ताट वाढून ठेवावं तसं! शिक्का असलाच तर फारसीत असणार, आणि फारसी वाचणारा सबंध तालुक्यात मला एकच माणूस ठाऊक होता. पुण्यात ग. ह. खऱ्यांसारखा माणूस स्वतः फारसी शिकला, त्यातल्या साधनांचे खंड काढले. मी किनवटमध्ये मास्टरसाबांशी अबोला धरला होता.

रविवारी सकाळी पुठ्ठा काखेत मारून त्यांच्या दारात गेलो. त्यांनी पुठ्ठ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि नुसतं "आव" म्हणाले. वजूला बसावं तसे हात धुतले. परातीत कोमट पाणी, मऊ धोतराचा तुकडा. कडेनं ओलावा देत, थांबत, फुंकत, एक एक दोरा सोडवावा तसा त्यांनी तो कागद सोडवला. मला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. दुपारी दोनला डाग वर आला. काजळी नव्हती, मोहोर होती. मास्टरसाबांनी भिंग लावलं. नाव पुसट होतं, आकडा स्वच्छ. "ग्यारा सौ त्रेसठ. हिजरी."

हिजरी ११६३ म्हणजे १७५०. मोहोर खोदल्याच्या आधी कागदावर उठत नाही. तेव्हा कागद १७४७ चा असणं शक्य नाही, एवढं सिद्ध झालं. मौज अशी, की कागद १७४७ चा आहे असं आमच्या मंडळात कुणी म्हटलंच नव्हतं! तीन महिने, एक पित्त आणि एक रविवार खर्चून आम्ही जो पक्ष कुणाचाच नव्हता तो खोडून काढला होता.

पण खरी गोष्ट पुढं आहे. १७५० ची मोहोर, १७५०-५१ चा फसली सन. नवी कोरी मोहोर नव्या कागदावर. मास्टरसाबांनी हात वर करून "देखो" म्हणायला काय हरकत होती? मला फारसी येत नव्हती. ते म्हणतील तो आकडा मी मान्य केला असता. ते शांतपणे भिंग पुसत म्हणाले, "इससे कुच साबित नै होता सर. मोहोर नौ साल पुरानी बी चलती. हमारे शाळा का शिक्का देखो, कबका है." माझ्या बाजूचा मुद्दा, मला सुचायच्या आधी, त्यांनी मला दिला.

आणि मी गप्प बसलो. कारण मला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, ती मी त्यांना सांगितली नव्हती. शुहूर सन कागदात आकड्यानं नव्हे, अरबी शब्दांनी लिहायची चाल होती. ११६० असेल तर 'सितैन मया व अलफ', साठ, शंभर आणि हजार. आमच्या कागदावर आकडा होता. आकडा म्हणजे बहुतेक करून फसलीच. मोडी माझ्या ताब्यात, फारसी त्यांच्या ताब्यात. त्यांनी त्यांची बाजू उघडी केली आणि मी माझी मिटून ठेवली. एवढं उदगीरसाठी. तेही मी काही लढलो नव्हतो.

संध्याकाळी हॉटेलात पुन्हा 'चहा ४' लागले. धाकटे गुरुजी सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे भाऊसाहेबांचे घोडे होते का निजामाचे, ते नक्की नाही."

"नाही."

"कडबा तर गेलाच ना?"

यावर कुणी बोललं नाही. राउंडसाहेबांनी कडब्याचे घनफूट काढायला घेतले.

मास्टरसाब निवृत्त झाले आणि मुलीकडं हैदराबादला गेले. सरकार-सरदेसायांचा मान आमच्याकडं चालत आला. महिन्याला एक कार्ड. ते देवनागरीत वेडंवाकडं लिहायचे, मी सरळ अक्षरात वेडंवाकडं लिहायचो. प्रकृती, मुलीची मुलं, हैदराबादचा उन्हाळा, आणि शेवटी न चुकता 'फसली' एवढा एकच शब्द, सहीच्या वर. मी माझ्या कार्डात 'शुहूर' लिहायचो. असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात मला राहवेना. मी कार्ड घेतलं, पुरेना म्हणून आंतर्देशीय घेतलं, आणि सगळं लिहून टाकलं. आकडा, शब्द, अरबी, माझी लबाडी. पत्र पेटीत टाकून हात काढताना मला परीक्षेच्या पेपरावर चुकीचा नंबर लिहिल्यासारखं झालं.

उत्तर आठ दिवसांत आलं. ते जसं आठवतं तसं सांगतो. "सर, मालूम था. शुहूर रहता तो आप हॉटेल में अरबी पढ़ते, और आपकी अरबी सुनके मैं हँसता. आपने ग्यारा सौ साठ पढ़ा, मैं उसी दिन समझ गया. मगर उसी दिन बोल देता तो तीन महीने शाम को स्टेशन पे करना क्या था?" खाली सही. सहीच्या वर त्या दिवशी काही नव्हतं.

पुढं आणखी काही वर्षं कार्डं येत राहिली, मग यायची थांबली. राउंडसाहेबही गेले. धाकटे गुरुजी मोठे झाले, निवृत्त झाले, अजून भेटतात. आता गाडी रुंद रुळावरून येते, ते हॉटेल उठून तिथं मोबाइलचं दुकान झालंय, आणि उधारीची वही मी हॉटेलवाल्याच्या मुलाकडून मागून घेतली आहे. कडब्याच्या कागदाशेजारी ठेवली आहे. खळ लावलेली नाही.

परवा एक तरुण प्राध्यापक आले होते. तल्लख मुलगा आहे, मोडी चांगली वाचतो. त्यांनी कागदाचा फोनवर फोटो काढला, मोठा करून पाहिला, डोळे चमकले, आणि म्हणाले, "सर, सन अकराशे साठ! शुहूर धरला तर उदगीर की हो!"

मला शब्दांचा आणि आकड्यांचा नियम सांगता आला असता. एका वाक्यात विषय संपला असता. मी पान खात नाही, त्यामुळं तेवढा वेळ चष्मा पुसला. मग म्हणालो, "मुलूख कुणाचा? निजामाचा. सारा कशात? फसलीत. बसा. चहा सांगतो."

ते अजून येतात. दर गुरुवारी. शुहूर सोडायला तयार नाहीत.